खंडस्फुटित जीर्णोद्धार : कमल बस्ती आणि शार्त्रचं कॅथेड्रल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हा चौथीच्या पोरांना एकदा बेळगावच्या किल्ल्यात नेलं होतं. तिथल्या कमल बस्ती या जैन देवळाच्या मंडपात शिरल्यावर ते म्हणाले, "सगळे उताणे झोपा. वर बघा आणि पाकळ्या मोजा." छतातून एक दगडी कमळ खाली उमललेलं होतं. आम्ही बोटं नाचवत मोजायला लागलो. कुणाच्या साठ भरल्या, कुणाच्या ऐंशी. गुरुजींनी कुणालाच चूक म्हटलं नाही, पुन्हा मोजायला लावलं. शेवटी ७२ वर एकमत झालं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की होऊन गेलेल्या काळाचे २४ तीर्थंकर, चालू काळाचे २४ आणि पुढं होणारे २४, असे मिळून हे ७२. मग त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तर न देताच आम्हाला बाहेर नेलं. "एवढा दगड डोक्यावर टांगलाय. पडत का नाही?"

त्या प्रश्नानं माझा धंदा ठरवला. पुढं चाळीस वर्षं मी इमारती उभ्या राहतात कशा, याचाच हिशोब करत आलो. आज गुरुजींचा तोच प्रश्न मी दोन इमारतींना विचारणार आहे. एक तुमच्या ओळखीची, इथून, उचगावहून, तासाभराच्या आत पोचता येईल अशी कमल बस्ती. दुसरी फ्रान्समधल्या शार्त्र गावचं कॅथेड्रल. कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च असं आपण समजतो. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं, ते कॅथेड्रल. आपल्याकडं मठाची किंवा भट्टारकांची गादी असते, तसं. या दोन इमारतींना एकत्र आणण्याचं कारण साधं आहे. त्या एकाच काळातल्या आहेत.

कमल बस्ती १२०४ सालची. सौंदत्तीचे रट्ट राजे तेव्हा या मुलखावर राज्य करत होते. चौथा कार्तवीर्य आणि त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन यांचा कारभार वेणुग्रामातून, म्हणजे आपल्या बेळगावातून चालत होता. बीचिराज हा कार्तवीर्याचा मंत्री. त्यानं हे जिनालय बांधलं. शिलालेखात त्याचं नाव 'रट्ट जिनालय' असं येतं. कमळ हे लोकांनी छताकडं बघून दिलेलं नाव, आणि राजाच्या नावापेक्षा तेच टिकलं.

त्या १२०४ साली शार्त्रमध्ये परांच्या उभ्या होत्या. बांधकामाचं दहावं वर्ष चालू होतं. १० जून ११९४ च्या रात्री गावाला मोठी आग लागली आणि जुनं कॅथेड्रल जवळजवळ सगळं जळालं. पश्चिमेचा दर्शनी भाग, दोन मनोरे आणि तळघर तेवढं वाचलं. त्या कॅथेड्रलात एक वस्त्र जपलेलं होतं. येशूच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईच्या, मरियेच्या अंगावर ते होतं अशी श्रद्धा, आणि ८७६ साली फ्रान्सच्या राजानं ते तिथं दिलेलं. तेच जळालं म्हटल्यावर गाव खचलं. मरियेनंच आपल्याला टाकलं, आता पुन्हा बांधायचं कशासाठी, असं लोक म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी काही पाद्री ते वस्त्र घेऊन तळघरातून वर आले. आगीच्या वेळी ते वस्त्रासह खाली उतरले होते आणि तिथंच अडकून पडले होते. मग लोकांनी अर्थ बदलला. तिनं घर जळू दिलं, कारण तिला मोठं घर हवंय. त्यानंतर जे काम सुरू झालं, ते सव्वीस-सत्तावीस वर्षांत छतापर्यंत गेलं. १२६० साली फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या उपस्थितीत त्याचा अर्पणविधी झाला.

मी तिथं एकदाच गेलो आहे. पॅरिसहून आगगाडीनं तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या भागाला बोस म्हणतात. सपाट, गव्हाचा मुलूख. झाडं कमी. शेतांच्या वर आधी दोन शिखरं दिसतात, गाव नंतर. ती दोन शिखरं एकसारखी नाहीत. एक बाराव्या शतकातलं, साधं, १०५ मीटर उंच. दुसरं लाकडी होतं, ते १५०६ साली वीज पडून जळालं, म्हणून झां द बोस नावाच्या कारागिरानं १५१३ पर्यंत ते दगडात बांधलं, ११३ मीटर, भरगच्च नक्षीचं. साडेतीनशे वर्षांच्या अंतरानं आलेल्या माणसानं आपल्या काळाच्या हातानं काम केलं आणि जुन्याला हात लावला नाही. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडं येणार आहे.

आता गुरुजींचा प्रश्न. पडत का नाही?

दगडाचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. ओढ्यावर लांब फरशी आडवी टाकून साकव केला आणि वरून भरलेली गाडी नेली, तर फरशी मधोमध, खालच्या अंगानं तडकते. तीच फरशी उभी करून तिच्यावर दहा गाड्यांचा भार ठेवा, काही होत नाही. दगड दाबलेलं सोसतो. वाकवलेलं, ताणलेलं सोसत नाही. जगातल्या सगळ्या दगडी देवळांचा, मशिदींचा, चर्चांचा इतिहास या एका स्वभावाशी केलेल्या तडजोडींचा आहे.

आपल्या पाथरवटांची तडजोड अशी. लांब फरशी टाकायचीच नाही. खांब जवळजवळ उभे करायचे, त्यांच्या डोक्यावर बाहेर आलेले हस्त बसवायचे म्हणजे तुळईला आणखी कमी अंतर ओलांडावं लागतं. आणि मधली मोठी जागा झाकायची असेल, तर तुळयांवर दगडांचं एक कडं ठेवायचं, त्यावर थोडं आत सरकलेलं दुसरं कडं, त्यावर आणखी आत सरकलेलं तिसरं. प्रत्येक कडं पुरं झालं की त्यातले दगड एकमेकांना धरून बसतात. आत पडायचं म्हटलं तरी शेजारचा पडू देत नाही. शेवटी मधे एक दगड उरतो, त्याला कमळाचा आकार देऊन खाली उतरवायचं. कमल बस्तीचं उत्तर हे आहे. ते कमळ टांगलेलं वाटतं, पण त्याचं वजन कड्याकड्यानं बाजूला सरकत तुळयांवर, तुळयांतून खांबांवर आणि खांबांतून सरळ जमिनीत जातं. या रचनेचा भिंतीवर आडवा रेटा फारसा येत नाही. म्हणून तिला बाहेरून टेकू लागत नाही, आणि म्हणूनच ती आठशे वर्षं गुपचूप उभी राहू शकते.

त्या बस्तीचे खांब बघताना उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या तरुणांनी जरा जास्त वेळ थांबावं. गोल कडांच्या त्या घड्या, त्या खाचा हातानं छिन्नी मारून इतक्या समान येत नाहीत. दगड फिरवत ठेवून त्यावर हत्यार धरल्याशिवाय ते होत नाही. उत्तर चालुक्यांच्या काळापासून या भागातल्या कारागिरांना ही हातोटी साधलेली होती. बेळगावचं यंत्रकाम आपण फाउंड्रीपासून मोजतो. ते त्याआधी शेकडो वर्षं सुरू होतं.

याच रचनेचा आणखी धाडसी नमुना बघायचा तर निपाणी ओलांडून कृष्णाकाठी खिद्रापूरला जायला हवं. तिथल्या कोपेश्वर देवळापुढचा स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि मधल्या छतात कड्यावर कडं चढत जाऊन शेवटचं कडं बसवलेलंच नाही. तेरा फुटांच्या आसपास व्यासाचं गोल आकाश तसंच उघडं ठेवलं आहे. त्याच्या बरोबर खाली गोल रंगशिळा. दगडी कड्यांची रचना मधला दगड नसतानाही उभी राहते, हे त्या शिल्पकाराला पक्कं माहीत होतं. ज्याला खात्री नसते, तो भोक बुजवतो. त्या देवळात यादव राजा सिंघण याचा १२१४ च्या सुमाराचा दानलेख आहे, म्हणजे शार्त्रच्या छतांचं काम चालू असतानाचा. कोपेश्वरासमोर नंदी नाही. लोक सांगतात, तो नदीपलीकडं चिकोडी तालुक्यातल्या यडूरला आहे. देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

शार्त्रची तडजोड वेगळी होती, कारण गरज वेगळी होती. आपल्या देवळात माणूस आपल्या पाळीनं दर्शन घेतो, गाभारा अंधारा आणि लहान असतो, जत्रा देवळाबाहेर भरते. कॅथेड्रलात सगळं गाव आत उभं राहतं. शार्त्रच्या मधल्या दालनाची रुंदी सोळा मीटरहून जास्त आहे आणि त्यात एकही खांब नको होता. छत ३७ मीटरवर हवं होतं, म्हणजे बारा मजली इमारतीइतकं. एवढं अंतर फरशीनं किंवा कड्यांनी झाकता येत नाही. तिथं कमान लागते.

पुढं बसलेल्या मुलांपैकी दोघांनी जरा उभं राहा. समोरासमोर या, तळहाताला तळहात लावा आणि आता पाय एकेक पाऊल मागं घ्या. बघा, दोघं मिळून कमान झाली. हातांत ताकद आहे, पण पाय कुठं चाललेत? मागं घसरतायत. कमानीचं हेच आहे. तिच्यातला प्रत्येक दगड दाबलेला असतो, त्यामुळं दगड तुटत नाही. पण कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलत राहते. दिवसरात्र. गवंडी झोपला तरी ती ढकलत असते. बसा बाळांनो.

यावर जुना उपाय म्हणजे भिंती जाड करायच्या आणि खिडक्या लहान ठेवायच्या. बाराव्या शतकातल्या फ्रेंच कारागिरांना ते नको होतं. त्यांना उजेड हवा होता. ११४४ साली पॅरिसजवळच्या सँ-दनी मठात सुजे नावाच्या मठाधिपतीनं जो नवा भाग बांधून घेतला, तिथं या नव्या पद्धतीची सुरुवात मानतात. तिच्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, टोकदार कमान. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरून जाते, रुंदीच्या निम्मी. टोकदार कमान तुम्ही कमीजास्त करू शकता, आणि ती बाहेर कमी ढकलते. ही कमान काही युरोपनं शोधलेली नाही. इस्लामी जगात ती आधीपासून होती, विजापुरात आपण ती पावलोपावली बघतो. दुसरी, छताच्या फासळ्या. आधी दगडाच्या आडव्यातिडव्या फासळ्या बसवायच्या आणि मग त्यांच्यामधली जागा हलक्या दगडानं भरायची. तिसरी म्हणजे बाहेरचा टेकू. भिंतीपासून दूर एक भक्कम स्तंभ उभा करायचा आणि त्याच्यापासून भिंतीच्या वरच्या अंगाला हवेतून एक अर्धी कमान टेकवायची. छत भिंतीला ढकलतं, भिंत ती कमान ढकलते, कमान तो भार स्तंभात आणि स्तंभ जमिनीत नेतो. मघाच्या त्या दोन मुलांच्या टाचेमागं कुणी पाय रोवून उभं राहिलं असतं, तर ती घसरली नसती. इतकंच.

शार्त्रचे हे टेकू बाहेरून बघितले की आपल्याकडच्या माणसाला बैलगाडीचं चाक आठवतं. दोन कमानींच्या मधे छोटे खांब आऱ्यांसारखे बसवलेले आहेत. मी तिथं खूप वेळ उभा होतो. इमारतीला कोण सांभाळतंय, हे त्यांनी लपवलेलं नाही. टेकू उघड्यावर आहेत, पावसात भिजतायत, आणि त्यांच्यामुळं आतल्या भिंतीला भार वाहण्याचं काम फारसं उरलेलं नाही. मग त्या भिंतीचं काय केलं? काच केली. १७६ खिडक्या, साधारण २६०० चौरस मीटर रंगीत काच, आणि तिच्यातली बरीचशी मूळची, तेराव्या शतकातली. दुपारच्या उन्हात त्या दालनाच्या फरशीवर निळा रंग पडतो. तो निळा मी शब्दांत सांगू शकत नाही.

त्या पद्धतीला 'गॉथिक' हे नाव पुढं इटलीतल्या लोकांनी दिलं, आणि ते शिवी म्हणून दिलं. रोम लुटणाऱ्या गॉथ टोळ्यांसारखं रानटी, असा त्याचा अर्थ. बांधणाऱ्यांचा त्या टोळ्यांशी संबंध नव्हता. शिवीचंच पुढं बिरूद झालं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ही शैली पुन्हा उचलली आणि आपल्याकडं आणली. बेळगावच्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च त्याच वळणाचं. आणि तुमच्यापैकी जे कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात, ते सगळे त्या टोकदार कमानींखालूनच बाहेर पडतात. तिथली पानं, फुलं, पशुपक्षी कोरण्यात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. बॅग सांभाळत पळताना एकदा मान वर करा.

सगळ्यांनाच हे गणित जमलं असं नाही. बोव्हे गावच्या लोकांना शार्त्रहून उंच जायचं होतं. त्यांनी ४८ मीटरवर छत नेलं आणि १२८४ साली त्यातला काही भाग कोसळला. तेव्हा कागदावर हिशोब नव्हता. दोरी, ओळंबा, लाकडी साचे आणि आधीच्या माणसानं केलेली चूक, एवढीच साधनं.

आणि त्या माणसांची नावं? शार्त्रचा मुख्य गवंडी कोण होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या कामाच्या कर्त्याचं नाव हरवलं. आपण या बाबतीत जास्त भाग्यवान आहोत. कित्तूरजवळच्या देगावात कमलनारायणाचं देऊळ आहे. गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी, त्याच्या राणीनं, कमलादेवीनं, ते ११७४ च्या सुमाराला बांधवलं. आणि ते घडवणाऱ्या शिल्पकाराचं नाव मिळतं : तिप्पोज, बंकापूरचा. राणीच्या नावाबरोबर कारागिराचं नाव. देगावला गेलात तर देवाला हात जोडल्यावर त्याचंही नाव घ्या.

पैसा कुठून आला, हे सांगितल्याशिवाय इमारतीचा इतिहास पुरा होत नाही. शार्त्रमध्ये ११४५ च्या सुमाराला, म्हणजे आगीच्या आधी मनोऱ्यांचं काम चालू असताना, लोकांनी स्वतःला जुंपून घेऊन दगडांच्या, धान्याच्या गाड्या ओढल्याचं त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवलं आहे. सरदार आणि शेतकरी एकाच दोरीला. आपल्याकडं देवाच्या रथाला हात लावायला जशी माणसं धावतात, तसंच. दगड दहाएक किलोमीटरवरच्या बेर्शेर गावच्या खाणीतून यायचा. खिडक्यांवर तर गावचे धंदेच रंगवलेले आहेत. पाव भाजणारे, चांभार, खाटीक, सुतार, पैसे मोडून देणारे सराफ. एका खिडकीत पाथरवट दगड घडवताना दिसतात.

पण हे चित्र फार गोड करून सांगणं मला पटत नाही. त्या धंदेवाल्यांनी खिडक्या आपणहून दिल्या की त्यांच्याकडून घेतल्या गेल्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि १२१० साली शार्त्रच्या लोकांनी चर्चच्या मुख्य अधिकाऱ्याच्या घरावर हल्ला केला होता, ही नोंद आहे. मोठी इमारत उभी राहते, तेव्हा तिच्या पायात कुणाचा तरी घाम आणि कुणाचा तरी राग असतोच. आपल्या देवळांच्याही पायात तो आहे. आपल्या शिलालेखांत तो लिहिलेला नसतो, इतकाच फरक.

आपल्याकडची व्यवस्था दानाची. रट्ट जिनालयाला गावाचं उत्पन्न, जमिनी आणि वेणुग्रामच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर कबूल केलेला वाटा मिळाला. शुभचंद्र भट्टारकांच्या हाती ते सोपवलं गेलं. हे सगळं दोन शिलालेखांत नोंदलं आहे. ते शिलालेख आज बेळगावात नाहीत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देऊळ इथं आणि त्याचे कागद सातासमुद्रापार, अशी आपली स्थिती आहे. आपलं गाव आठशे वर्षांपूर्वी कसं होतं, पेठेत कोण कोण व्यापारी होते, हे वाचायला आपल्या पोरांना लंडनला जावं लागावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान त्या लेखांचे ठसे आणि मराठी-कानडी भाषांतरं किल्ल्यात, बस्तीजवळ लागायला हवीत.

आता मी ज्यासाठी उभा आहे, तिथं येतो. दख्खनमधल्या त्या काळच्या दानलेखांत दान कशासाठी दिलं हे सांगताना एक शब्द वारंवार येतो. पूजा, नैवेद्य, मुनींचा आहार, आणि 'खंडस्फुटित जीर्णोद्धार'. खंड म्हणजे तुटलेलं, स्फुटित म्हणजे तडकलेलं. जे तुटलं, तडकलं, ते दुरुस्त करण्यासाठी. देऊळ बांधून होत असतानाच त्या लोकांनी ते तडकणार हे धरलं होतं आणि दुरुस्तीचा पैसा बाजूला काढून दगडावर कोरून ठेवला होता. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी इतका स्पष्ट होता. उद्धार जीर्ण झालेल्याचा. तो पाडण्याचा शब्द नव्हता.

शार्त्र आठशे वर्षं उभं आहे ते पहिल्या गवंड्यामुळं कमी, आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळं जास्त. १८३६ साली त्याच्या छतावरचं लाकडी आढं जळालं. त्या आढ्याला लोक 'जंगल' म्हणत, इतकं लाकूड त्यात होतं. खालच्या दगडी कमानींनी आग पेलली, आत काही पोचलं नाही. नवं आढं ओतीव लोखंडाचं केलं, वर तांब्याचा पत्रा. आज तो हिरवा दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, सगळ्या काचा उतरवून पेट्यांत भरल्या आणि दूर नेऊन ठेवल्या. युद्ध संपल्यावर पुन्हा बसवल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकी फौजा शार्त्रवर आल्या. मनोऱ्यात जर्मन टेहळणीदार लपले असतील, म्हणून तोफा डागायचं ठरत होतं. वेलबॉर्न ग्रिफिथ नावाच्या कर्नलनं ते मानलं नाही. तो स्वतः शत्रूच्या भागात शिरला, कॅथेड्रलात गेला, मनोरा चढला, वर कुणी नाही असं कळवलं आणि तोफा थांबल्या. त्याच दिवशी जवळच्या गावात तो लढाईत मारला गेला. त्याचा त्या गावाशी, त्या देशाशी काही संबंध नव्हता.

आणि पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी त्याचं छत जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ८ डिसेंबर २०२४ ला तिथं पुन्हा उपासना सुरू झाली. ओक झाडांचं तसंच आढं, कुऱ्हाडीनं तासून, तशाच सांध्यांनी पुन्हा उभं केलं. पैसा होता, कारागीर होते, हे खरं. पण एक गोष्ट आधीच झालेली होती. आगीच्या काही वर्षं आधी दोन तरुण वास्तुकारांनी त्या आढ्यावर चढून एकेक वासा मोजून नकाशे केले होते. अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकानं सगळी इमारत लेसरनं मोजून ठेवली होती. टॅलन आगीच्या आधीच, २०१८ साली गेला. त्याची मोजमापं राहिली. जे मोजलेलं होतं, ते पुन्हा उभं करता आलं.

हे सगळं मला कळायच्या आधी मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय मला इथं बोलायचा अधिकार नाही. मी नुकताच पदवी घेऊन आलो होतो. माझ्याच गावात जुनं देऊळ होतं. लहान, काळ्या दगडाचं, पुढं चार खांबांचा मंडप, तुळया थोड्या खचलेल्या, छतातून पावसाळ्यात पाणी. गावानं जीर्णोद्धार करायचं ठरवलं. गावचा पोरगा इंजिनियर झालाय म्हणून नकाशा माझ्याकडं आला. मी पाच दिवसांत स्लॅबच्या देवळाचा नकाशा करून दिला. जुनं देऊळ मी मोजलं नाही. फोटो काढला नाही. ते पाडायला दोन दिवस लागले. एक खांब बांधावर पडून होता, एक धोब्याच्या दगडाजागी ओढ्याला गेला, बाकीचे कुठं गेले मला माहीत नाही. मंडपाच्या छतातही एक कमळ होतं. किती पाकळ्यांचं, हे मी कधी मोजलं नव्हतं. आता ते मोजता येणार नाही.

नव्या देवळाच्या स्लॅबला तीस वर्षांत ओल धरली, सळई गंजून फुगली, सिमेंटचे पापुद्रे पडले. गाव आता त्याचाही जीर्णोद्धार करायचं म्हणतंय. खचलेल्या दोन तुळया आणि गळणारं छत, एवढंच त्या जुन्या देवळाचं दुखणं होतं. टेकू देऊन, सांधे चुन्यानं भरून, वर पाण्याचा नीट उतार काढून ते आणखी दोनशे वर्षं राहिलं असतं. आज मला हे माहीत आहे. तेव्हा माझ्याकडं पदवी होती.

मी नव्या देवळांच्या विरुद्ध नाही. गाव वाढतं, माणसं वाढतात, देवासमोर जागा कमी पडते. शार्त्रच्या त्या दुसऱ्या, उत्तरेकडच्या शिखरासारखं, जुन्याच्या शेजारी नवं बांधता येतं. मळेकरणी देवीच्या आमराईत मंगळवारी-शुक्रवारी केवढी माणसं येतात, तुम्ही बघता. त्यांना सावली हवी, पाणी हवं, बसायला जागा हवी. ते सगळं करा. पण जिथं जुना घडीव दगड आहे, खांब आहे, वीरगळ आहे, सतीशिळा आहे, झिजलेली अक्षरं आहेत, तिथं जेसीबी बोलावण्याआधी थांबा. कमल बस्ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिच्यामागं कायदा आहे. आपल्या गावोगावच्या छोट्या देवळांमागं फक्त आपण आहोत.

म्हणून माझी या उचगाव पंचक्रोशीतल्या प्रत्येक देवस्थान समितीला, प्रत्येक तरुण मंडळाला विनंती आहे. तुमच्या गावच्या जुन्या देवळात येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची पोरं घेऊन जा. एक टेप, एक ओळंबा आणि एक वही पुरे. खांब किती, एकमेकांपासून किती अंतरावर, तुळई किती लांब, छतात काय कोरलंय, शिलालेख कुठल्या दगडावर, सगळं लिहा. चारही बाजूंनी फोटो काढा. तडा कुठं गेलाय, पाणी कुठून येतं, तेही लिहा. ती वही शाळेत ठेवा, तिची एक प्रत माझ्याकडं पाठवा. दुरुस्तीचा विचार निघाला, तर पाडायचं ठरवण्याआधी मला बोलवा. उचगाव, सुळगा, तुडये, बेक्किनकेरी, कुद्रेमानी, कुठलंही गाव असो, मी येईन. पोरांना मंडपात उताणं झोपवून पाकळ्या आपण बरोबरच मोजू.